न नोंदवलेला नमुना

संपादकांनी फोनवर विषय दिला तो असा : "मॅडम, जगभरच्या मद्यांची ओळख करून द्या. कुठलं कशापासून होतं, कसं होतं. दिवाळीत वाचायला लोकांना मजा येईल." मी नाशिकजवळच्या एका डिस्टिलरीत तेवीस वर्षं रसायनतज्ज्ञ होते. त्यामुळे त्यांनी मला विचारणं साहजिक होतं, आणि मी हो म्हणणंही. ओळख मी करून देणारच आहे. पण लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की एका बाईबद्दल सांगितल्याशिवाय मला ही ओळख करून देता येणार नाही. त्या भागात मजा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी मूळची सटाण्याची. वडील शाळेत मास्तर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.एस्सी. होऊन नोकरी लागली ती दारूच्या कारखान्यात, म्हणून घरात तीन दिवस कुणी नीट बोललं नाही. मग वडिलांनीच तोडगा काढला. कुणी विचारलं तर सांगायचं, ‘केमिकल कंपनीत आहे.’ हे खोटं नव्हतं. आई मात्र सुटीत गेले की एकांतात आमच्या अहिराणीत विचारायची, "तू तठे काय करस?" तिथे तू करतेस तरी काय? मी म्हणायचे, "वास घेते." तिला वाटायचं मी थट्टा करते. पण कामाचं खरं उत्तर तेच होतं.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पारसनीस साहेब. हुद्दा ब्लेंडरचा. वेगवेगळी स्पिरिटं कुठल्या प्रमाणात एकत्र करायची, म्हणजे या महिन्याच्या बाटलीची चव गेल्या महिन्यासारखीच लागेल, हे ठरवणारा माणूस तो ब्लेंडर. चाळीस वर्षं या धंद्यात काढली, पण साहेबांच्या घशाखाली थेंब गेला नाही. तोंडात घ्यायचे, फिरवायचे, थुंकून टाकायचे. रुमालावर अत्तर नाही, जेवणात कच्चा कांदा नाही. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "निकम, उद्यापासून केसांना तेल लावून यायचं नाही." एवढीच माझी मुलाखत.

त्यांच्या खोलीत एक सागवानी कपाट होतं. त्यात जगभरची स्पिरिटं, प्रत्येकाची छोटी बाटली. रोज जेवणानंतर एक बाटली उघडायची, मला वास द्यायचा आणि विचारायचं, "काय दिसतंय?" ‘दिसतंय’ हाच त्यांचा शब्द. त्या कपाटातून मी जग पाहिलं.

साहेबांची शिकवण साधी होती. जगात कुठेही जा, कृती एकच. त्या मुलखात जे गोड किंवा पिठूळ उगवतं ते घ्यायचं, भिजवायचं, आंबवायचं. आंबलं की त्यात अल्कोहोल तयार होतं, पण थोडं. मग ते आंबवण उकळायचं. अल्कोहोलची वाफ पाण्याच्या आधी उठते. ती वाफ थंड करून पकडायची. झालं. बाकी सगळी नावं. स्कॉटलंडमध्ये सातू पिकतो, त्याला मोड आणून केली ती व्हिस्की. तिथे सातू वाळवायला पीट, म्हणजे दलदलीतली कुजून वाळलेली माती, जाळतात, म्हणून काहींना धुराचा वास. फ्रान्समध्ये द्राक्षं, म्हणून ब्रँडी. वाइन करून उरलेल्या चोथ्यालाही इटलीतले लोक सोडत नाहीत, त्याची ग्राप्पा करतात. जिथे ऊस तिथे मळी, तिथे रम. रशिया-पोलंडकडे राय नावाचं धान्य, गहू, बटाटे, त्याची व्होडका. तिथे कौतुक कशाचं, तर कसलाच वास नसण्याचं. त्याच बिनवासाच्या स्पिरिटात ज्युनिपर नावाच्या झुडपाची निळसर बोरं टाकली की जिन. जपानात तांदूळ आणि रताळी, त्याची शोचू. चीनमध्ये चक्क आपली ज्वारी. ती बाटली उघडली तेव्हा मी म्हणाले, "सर, पेंढीचा वास आहे, पावसात भिजलेल्या." साहेब इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली. मेक्सिकोच्या टकीलाची बाटली दाखवून त्यांनी विचारलं, "हे झाड तू पाहिलंयस, कुठे?" ते घायपाताच्या जातीतलं निघालं. आमच्या बागलाणात शेताच्या बांधावर जनावरं येऊ नयेत म्हणून लावतात, तेच कुळ. त्याच्या गड्ड्यातून कुणी नशा काढत असेल असं बांधावरच्या कुणालाच कधी वाटलं नसणार.

आणि आपली व्हिस्की? स्वस्तातली बहुतेक व्हिस्की उसाच्या मळीचीच. तेव्हा नात्यानं ती रमची बहीण. वर थोडं सातूचं स्पिरिट, रंग आणि वास. हे मी तेवीस वर्षं केलं. चांगलं केलं. लाज वाटत नाही, फार अभिमानही नाही.

कपाटात एक जागा रिकामी होती. गोव्याची काजूची फेणी होती, श्रीलंकेची माडीपासून केलेली अरक होती, पण मोहाची नव्हती. "चार कोसांवर मोहाची झाडं आहेत," साहेब म्हणायचे, "आणि माझ्याकडे स्कॉटलंड आहे. याला काय म्हणायचं?"

भिवाची ओळख झाली ती यामुळे. घोटीच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथला हा माणूस. भाताची कापणी झाली की चार-सहा महिने आमच्याकडे मळीच्या टाक्या साफ करायला यायचा. बुटका, बोलका, डोक्याला कायम टॉवेल. एकदा साहेब आवारातून चालले होते. भिवा बाजूनं गेला तसे थांबले आणि म्हणाले, "काल मोहाची घेतलीस. कुणी केलेली?" भिवा घाबरला. मग साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "माझी बाईल करती, सायेब. सोमी."

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही दोघं भिवाबरोबर पाड्यावर गेलो. हातभट्टी बेकायदा. परवान्याच्या कारखान्यातली दोन माणसं ती बघायला निघालीत, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोमी तिशीची असेल. उंच, सावळी, कमी बोलणारी. वेचून वाळवलेली मोहाची फुलं तिनं मडक्यात आंबवली होती. ओहोळाच्या काठी तीन दगडांची चूल. वर ते मडकं, तोंडावर दुसरं पालथं, सांधा मातीनं लिंपलेला. बाजूला बांबूची नळी, ती उतरत जाऊन वाहत्या पाण्यात ठेवलेल्या लहान मडक्यात. वाफ नळीतून जाई, पाण्यातल्या मडक्यात थंड होई. साहेब जमिनीवर उकिडवे बसून बघत राहिले. मला म्हणाले, "बघून घे. स्कॉटलंडात हेच तांब्याचं असतं, दोन मजली."

थेंब पडायला लागले तेव्हा सोमीनं पहिली ओंजळभर धार मातीत ओतून दिली. शहरात ‘पहिल्या धारेची’ म्हणून लोक डोळे मिचकावतात. मी विचारलं, "ती का टाकली?" ती म्हणाली, "डोकं धरती ती. देवाला चालती, मानसाला नाय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जगातला प्रत्येक चांगला कारागीर ती पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात हलके, उग्र पदार्थ असतात. त्यासाठी आमच्याकडे मीटर होते. सोमीकडे नाक होतं.

साहेबांनी तिची दारू जिभेवर घेतली. थुंकताना त्यांना जरा संकोच झाला, हे मी तेव्हा एकदाच पाहिलं. "काय दिसतंय?" मी विचारलं. ते म्हणाले, "उन्हात ठेवलेला गूळ. आणि मागे कुठेतरी ओलं लाकूड." मग सोमीला हात जोडून म्हणाले, "बाई, फार स्वच्छ हात आहे तुमचा." सोमीनं पदर तोंडाला लावला. ती बाटली कपाटातल्या रिकाम्या जागी गेली. पुढे दर एप्रिलला भिवा नवी आणून देई.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग तो मे महिना आला.

प्रत्येक डिस्टिलरीत सरकारच्या एक्साइज खात्याचा एक अधिकारी नेमलेला असतो. स्पिरिटच्या टाकीला दोन कुलपं, एक कंपनीचं, एक त्याचं. त्याच्या पासाशिवाय लिटरभर स्पिरिटही फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. आमच्याकडे तेव्हा बागुल साहेब होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, घरात आजारी बायको, स्वभाव भिडस्त. एका सकाळी ते धापा टाकत प्रयोगशाळेत आले आणि माझ्या टेबलावर औषधाची एक बाटली ठेवली. आत चार बोटं गढूळ दारू.

"मॅडम, हे आत्ताच्या आत्ता बघून द्या. घोटीकडच्या पाड्यावर काल लग्न होतं. आज चौदा माणसं नाशिकला रुग्णालयात आणलीत. डॉक्टर विचारतायत, पोटात काय गेलंय. सरकारी तपासणीला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ नाहीये."

"कुठला पाडा?" मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं.

आमच्याकडे तेव्हा नवं यंत्र आलं होतं. नमुन्याचा थेंब सोडला की त्यातला एकेक पदार्थ वेगळा होऊन कागदाच्या पट्टीवर टेकाडं उमटवतो. कुठल्या वेळी कुठलं टेकाड येतं ते ठरलेलं असतं. आपण पितो त्या अल्कोहोलचं, इथेनॉलचं, टेकाड ठरल्या जागी येतं. त्याच्या आधी मिथेनॉलची जागा. एरवी तिथे रेषा जेमतेम हलते. त्या दिवशी पेन तिथे वर चढत गेलं आणि कागदाच्या कडेला जाऊन टेकलं.

मिथेनॉल म्हणजे रंग-वार्निशच्या कारखान्यात वापरतात तो पातळ करायचा द्राव. दिसायला दारूसारखाच, वासही जवळचा, पण पोटात गेला की आधी डोळे जातात, मग माणूस. पारसनीस साहेब पट्टीवर वाकले. त्यामागची बारीक टेकाडं त्यांनी बोटानं दाखवली. "ही मोहाची. ओळखीची आहेत. आणि हे मोठं यात बाहेरून ओतलंय. मोहाच्या फुलातून एवढं मिथेनॉल कितीही उकळलं तरी निघणार नाही."

त्या एका वाक्यात पुढची सगळी गोष्ट होती. ते वाक्य माझ्याखेरीज फक्त बागुलांनी ऐकलं.

मी रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर तरुण होते, आवाजावरून पाठोपाठ दोन पाळ्या झालेल्या. मी ‘मिथेनॉल’ म्हणाले, ते त्यांनी मागे कुणालातरी ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "वाटलंच. पेशंट म्हणतायत धुकं उतरलंय. बाहेर ऊन रणरणतंय आणि हे धुकं म्हणतायत." मग लगेच, "मॅडम, तुमच्याकडे पिण्यालायक शुद्ध स्पिरिट असेल ना? इथलं जखमांना लावायचं आहे, ते चालत नाही."

हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, म्हणून सांगते. मिथेनॉलवर तेव्हा हाताशी असलेला उतारा म्हणजे इथेनॉल, म्हणजे चांगली दारू. शरीर आधी चांगली दारू पचवायला घेतं, आणि तेवढा वेळ विषारी दारू पडून राहते, लघवीवाटे निघून जायला तिला सवड मिळते. डॉक्टर मापून, पाण्यात मिसळून देतात, तासातासानं. ज्याच्या पायी माणूस मरतोय त्याच्याच सख्ख्या भावाला मदतीला बोलवायचं.

पास काढायचा तर अर्ज, सह्या, वरची मंजुरी, असे दोन दिवस. पारसनीस साहेबांनी आपल्या कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बागुलांकडे पाहिलं. बागुल भिंतीकडे बघत उभे होते. मग टाकीकडे चालू लागले. त्यांनी आपलं कुलूप काढलं आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वीस लिटरचा एक डबा आम्ही साहेबांच्या गाडीत ठेवला. फाटकावर बागुल स्वतः आले आणि रखवालदाराला म्हणाले, "जाऊ द्या."

वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या. काही माणसं जमिनीवर होती, लग्नाचे नवे कपडे अंगावर. भिवा भिंतीशी होता. डोळे उघडे, पण माझ्याकडे लागत नव्हते. आवाजावरून त्यानं ओळखलं. "मॅडम? तुमी कुठं या धुक्यात?" परिचारिकेनं पेला त्याच्या ओठांना लावला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "ही आपल्या कंपनीची." आणि हसला. "साफ हाय."

सोमी पायाशी बसली होती. तिच्याकडून कळलं ते एवढंच, की लग्नाला तिची दारू पुरेना, म्हणून घोटीकडच्या एका दारूवाल्यानं दोन कॅन आणून दिले. मांडवात एकाच पिंपात सगळं ओतलं गेलं. तिनं स्वतः घेतली नव्हती, ती स्वयंपाकात होती. मला विचारलं, "हा वाचंल ना?" मी म्हणाले, "वाचेल." दुसऱ्या दिवशी त्याला थोडं बरं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. चौदांपैकी पाच गेले, भिवा धरून. दोघांची नजर गेली. उरलेले घरी गेले. डॉक्टर म्हणाले, तुमचा डबा आला नसता तर आणखी गेले असते. मी ते वाक्य बरीच वर्षं औषधासारखं वापरलं.

सोमीला रुग्णालयाच्या आवारातच पकडलं. दारूवाला पसार झाला होता, त्याचे कॅनही. पाड्यावर भट्टी सापडली ती एकटीची. बेकायदा दारू गाळणं आणि तीत विष देऊन माणसं मारणं, अशी दोन्ही कलमं लागली.

दीड-दोन महिन्यांनी एक वकील मला भेटायला आले. सोमीसाठी सरकारनं दिलेले, अंगावर घामेजलेला काळा कोट. म्हणाले, "सरकारी अहवालात एवढंच येणार, की दारूत मिथेनॉल होतं. ते भट्टीतून आलं की बाहेरून, हे कुणी सांगणार नाही. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी तुमच्याकडे तपासणी झाली. तुम्ही न्यायालयात येऊन एवढंच सांगा, की मोहाच्या फुलातून हे येऊ शकत नाही."

मी एक दिवस मागून घेतला.

व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे समजावलं. खासगी प्रयोगशाळेत, नोंद न करता, गुन्ह्यातला नमुना तपासलात. पासाशिवाय स्पिरिट बाहेर काढलंत. तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात की पहिला प्रश्न तोच येईल. परवाना जाईल, बागुल जातील, पारसनीस आत जातील. "बाईंबद्दल वाईट वाटतं, पण विचार करा." पारसनीस साहेब म्हणाले, "मला काय व्हायचं ते होऊ दे. निर्णय तुझा." दुपारी बागुल आले. त्यांनी गप्प राहा असं एकदाही म्हटलं नाही. नुसते समोर बसले. जाताना म्हणाले, "हिचं डायलिसिस सुरू झालंय, मॅडम. खात्यामुळे होतं ते." आणि दार हळूच ओढून घेतलं.

माझी स्वतःची नोकरीही होती, हे लिहायला हवं. बागुलांच्या आड मी ते किती वर्षं लपवलं.

वकिलांना मी म्हणाले, "आमच्याकडे अशा तपासणीची काहीही नोंद नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. "नोंद नाही, की तपासणी नाही?" मी म्हणाले, "नोंद नाही." त्यांनी बॅग उचलली. ते गेल्यावर मी ती कागदाची पट्टी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये जाळली. काळा कपटा नळाखाली धुऊन टाकला.

सोमी पावणेदोन वर्षं तुरुंगात होती. मग पुराव्याअभावी मोठ्या कलमातून सुटली. भट्टीची शिक्षा भोगून झालेलीच होती. ही बातमी मला बागुलांनी सांगितली, निरोप समारंभाच्या दिवशी, हातात नारळ-शाल असताना. पारसनीस साहेब त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. नंतर वर्षभरात वारले. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सोमीकडे गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत तीन वर्षं गेली.

तोवर नाशिक बदललं होतं. द्राक्षाच्या मळ्यांत वाइनचे कारखाने निघाले, हॉटेलांत चाखण्याचे कार्यक्रम व्हायला लागले. मी आता ब्लेंडर होते. मला बोलवायचे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर पेले मांडायचे, आणि मी जगातल्या मद्यांची ओळख करून द्यायची. सातू, मळी, घायपात. लोक हसायचे, वहीत टिपून घ्यायचे. अशाच एका दुपारी एका गृहस्थांनी हात वर केला. "मॅडम, हातभट्टीनं माणसं मरतात ती नक्की कशानं?"

मी माईकवर सांगितलं. अगदी सोपं करून, दोन मिनिटांत. फुलं, गूळ आंबवून गाळलेल्या दारूत मिथेनॉल असलंच तर नावापुरतं असतं. माणसं मरतात ती बाहेरून औद्योगिक द्राव ओतल्यामुळे. गाळणाऱ्याचा त्यात बहुधा दोष नसतो. गृहस्थ म्हणाले, "अरे वा, हे माहीत नव्हतं." टाळ्या पडल्या. मी खाली बसले आणि पुढच्या पेल्याचा वास मला आला नाही. नाक बंद झाल्यासारखं झालं होतं. चाळीस अनोळखी माणसांना, थंड हवेच्या खोलीत, मी ते सांगून टाकलं होतं.

त्या रविवारी मी घोटीला बस बदलून पाड्यावर गेले.

सोमी अंगणात नागली पाखडत होती. केस पांढरे झाले होते. चाळिशीही नसेल. मला बघून सूप खाली ठेवलं. "सायबांच्या बाई ना तुमी." मी ओट्यावर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरले. तीच बोलायला लागली.

"बाई, तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. त्या खेपेला माझं मडकं फुटलं व्हतं. लगीन तोंडावर, म्हनून पत्र्याचा डबा घेतला चुलीवर. त्या पत्र्याचं झालं का काय? तिथं जेलात मी रोज त्योच डबा बघायची. घासला व्हता मी. तीनदा घासला. पन कायतरी राह्यलं असंल."

पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते मी तिला तेव्हा सांगितलं. पत्र्याचा दोष नाही, तुझ्या हाताचा नाही. ते दारूवाल्याच्या कॅनमध्ये होतं. आम्ही त्याच दिवशी यंत्रावर पाहिलं.

तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "त्याच दिवशी?"

"हो."

"भिवा जित्ता व्हता तवा?"

"हो."

"मंग मला का नाय सांगितलं?"

मी बागुलांचं सांगितलं, त्यांच्या बायकोचं, परवान्याचं. न्यायालयात का आले नाही तेही सांगितलं. वकिलाला काय म्हणाले, तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्यांची बायको हाय का अजून?" तिनं विचारलं. नाही, वर्षभरापूर्वी गेली, मी म्हणाले. सोमीनं मान हलवली. मग म्हणाली, "कोरटाचं जाऊ दे. कोरटात नसती आलीस तरी चाललं असतं. मला येऊन सांगायचं व्हतंस. मी माझ्या हातानं नवरा मारला, असं धरून बसली मी." पहिल्यांदाच ती मला ‘तुमी’ सोडून बोलत होती.

मला रडू आलं, त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. सूप घरात ठेवून आली, पायात चपला सरकवल्या. "चल."

"कुठे?"

"ज्यांची मानसं गेली, ज्यांचं डोळं गेलं, त्यांच्या घरी. मी सांगून काय उपेग? तू सांग."

खालच्या पाड्यात चार घरं होती. प्रत्येक घराशी ती कुंपणापाशी थांबायची आणि मला आत जायला खुणवायची. पहिल्या घरातल्या म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग तो दारूवाला?" तो सापडला नाही, मी म्हणाले. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या घरी एका बाईनं मला चहा ठेवला. तिची नजर माझ्या खांद्यावरून कुंपणाकडे गेली आणि पुन्हा चुलीकडे आली. बाहेर उभी आहे तिला बोलवा, असं मी म्हणाले. तिनं चहात साखर घातली. तिसऱ्या घरच्या माणसाचे डोळे गेलेले होते. तो खाटेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "बाई, तुमच्या आवाजावरून तुमी खरं बोलताय. पन पाच वर्सं लय झाली." चौथ्या घरी मला बसूच दिलं नाही. उंबऱ्यात उभी राहून मी म्हटलं, ते विष सोमीच्या भट्टीतलं नव्हतं. दार लागलं तेव्हा शेवटचे दोन शब्द लाकडालाच ऐकू गेले असतील.

सोमीला कुणीही आत बोलावलं नाही. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. जीपच्या थांब्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. आम्ही सावलीला उभ्या होतो. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, निदान शिवी देईल. जीप दिसली तेव्हा ती म्हणाली, "वरल्या पाड्यात दोन घरं हायेत अजून. पुढल्या रविवारी ये."

मी गेले. चढ मोठा होता. एका घरात भेट झाली. दुसऱ्याला कुलूप होतं. माणसं सटाण्याकडे कांद्याच्या कामाला गेली होती. त्या घराचं दार उघडं मिळेपर्यंत मला आणखी तीन खेपा कराव्या लागल्या. सोमी प्रत्येक वेळी माझ्याबरोबर चढ चढली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली.